मे महिन्याचा आळस, श्रावणातलं विष

'ऊन फार होतं हो बाई' ही सबब यापुढे मी ऐकून घेणार नाही.

श्रावण लागला की तुमचे फोन सुरू होतात. गव्हात टोके झाले, रव्याला जाळी धरली, मूग पोकळ निघाले, तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी फुटत नाही. आणि प्रत्येकाच्या तोंडी आरोपी एकच, यंदाचा उन्हाळा. साठवणुकीचा धडा तुम्हांला वर्गात मीच शिकवला. परीक्षेत तुम्ही त्यावर उत्तरंही लिहिलीत, मार्कही मिळवलेत. पण त्यातलं काहीही तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलं नाही, हे तुमच्या कोठ्या सांगताहेत. म्हणून आज पुन्हा सांगते, आणि या वेळी गोड शब्दांत सांगणार नाही.

अकोल्यात, चंद्रपुरात, जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, ही काही यंदाची नवलाई नाही. याच उन्हाच्या मुलखात माणसं पिढ्यान् पिढ्या ज्वारी साठवत आली आणि दुष्काळात तीच काढून जगली. ऊन दाणा नासवत नाही. दाणा नासतो तो ओलीनं, किडीनं आणि हवेनं. उष्णता त्या तिघांच्या कामाला वेग देते. म्हणून कोठीचं झाकण लागेपर्यंत ऊन हे तुमच्याजवळचं सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं साधन आहे, आणि झाकण लागल्यावर तेच धान्याचा वैरी आहे. तुम्ही नेमकं उलटं करता. वाळवायच्या वेळी दाण्याला ऊन दाखवत नाही, आणि भरून झाल्यावर तोच दाणा पत्र्याखालच्या माळ्यावर चढवून वर्षभर तापवत ठेवता. मग किडीनं घर केलं की विषाची पुडी आणायला धावता. तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या उलट्या कारभारात आहे.

आधी ओलीचं बघू, कारण सगळ्यांत जास्त हलगर्जीपणा तिथेच आहे.

हाताला कोरडा लागला म्हणजे दाणा वाळला, असं तुम्ही धरून चालता. हाताला १५ टक्के ओलीचा गहूही कोरडाच लागतो. वर्षभर ठेवायचा तर गहू, ज्वारी, तांदूळ यांच्यातली ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. तूर, मूग, हरभरा ९ ते १० टक्क्यांवर आणायला हवेत. भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांच्या आत. हे आकडे पाठ करा. बियाण्याच्या शास्त्रात जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावानं एक ढोबळ नियम शिकवतात. दाण्यातली ओल १ टक्क्यानं उतरली की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट होतं. आता विचार करा. विदर्भात, मराठवाड्यात खोलीचं तापमान उतरवणं तुमच्या आवाक्यात फारसं नाही. ओल उतरवणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. जिथे उष्मा जास्त, तिथे दाणा जास्त कोरडा हवा, एवढा सरळ अर्थ त्या नियमातून निघतो. ऊन जास्त म्हणून तुम्हांला सूट मिळत नाही, तुमची जबाबदारी वाढते.

'आमच्याकडे ओल मोजायचं यंत्र नाही' असं कोणीतरी म्हणेलच. यंत्र लागत नाही. एक कोरडी काचेची बाटली घ्या. तिच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत धान्य भरा, त्यात दोन-तीन चमचे अगदी कोरडं बारीक मीठ घाला, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे आणि ते धान्य साठवण्याच्या लायकीचं नाही. मीठ चिकटलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. ओल १५ च्या खाली आली, १२ च्या खाली आली की नाही ते अजून ठरायचं आहे. दाणा दाताखाली धरा. कटकन दोन तुकडे झाले तर ठीक. दबला, चपटा झाला, तर आणखी ऊन द्या.

वाळवण्याचीही रीत आहे. अंगणात उघड्या जमिनीवर धान्य पसरू नका, जमीन खालून ओल देते. ताडपत्री किंवा जाड कापड अंथरा, थर बोटभर ठेवा, दर तासाला हात फिरवा. तांदूळ कडक उन्हात घालू नका, त्याला चिरा जातात आणि शिजताना कणी होते. त्याला सावलीतला वारा पुरतो. सोललेले शेंगदाणेही उन्हात तापवू नका, त्यांतलं तेल खवट होतं. वर्षाचे शेंगदाणे शेंगांतच ठेवावेत. पुढच्या हंगामाचं बियाणं असेल तर त्यालाही भर दुपारचं चटक्याचं ऊन नको, अंकुर मरतो.

आणि आता ती चूक, जी तुमच्यातले निम्मे लोक मन लावून करतात. दिवसभर वाळवलेला गहू संध्याकाळी गरम असतानाच पिंपात ओतता आणि वर घट्ट झाकण लावता. गरम दाण्यांतून बाहेर पडलेली वाफ कुठे जाणार? रात्री पिंपाचा पत्रा गार पडतो, वाफ झाकणाखाली आणि कडेला पाण्याच्या थेंबांत जमते आणि वरचा थर भिजतो. आठ तास उन्हात उभं राहून जे कमावलं, ते एका रात्रीत घालवलंत. गहू संध्याकाळी घरात आणून पसरा, वर सुती कापड टाका, रात्रभर पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी भरा. एका रात्रीचा धीर तुम्हांला धरवत नाही, आणि वर्षाच्या अन्नाच्या गोष्टी करता!

ओलीची किंमत काय असते ते नुसतं नुकसानीच्या हिशेबात मोजू नका. १९७४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत मका काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. मका भिजला, तसाच साठवला गेला आणि त्यावर बुरशी आली. ती बहुतेक आदिवासी गावं. घरात खायला दुसरं काही नव्हतं म्हणून माणसांनी तोच मका आठवडेच्या आठवडे खाल्ला. कावीळ, पोटात पाणी, यकृत निकामी. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं त्याचा शोध घेतला, तेव्हा कारण निघालं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे अॅस्परजिलस नावाच्या बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष. २००४ साली केनियातही असंच झालं. ओलसर मका घराघरांत साठवलेला होता, १२५ माणसं मेली.

त्या माणसांकडे दुसरं धान्य नव्हतं. तुमच्याकडे आहे. तरीही तुम्ही बुरशी आलेले शेंगदाणे 'थोडे भाजून घेऊ, चटणीत खपतील' म्हणून वापरता. भाजून, शिजवून, तळून अफ्लाटॉक्सिन जात नाही. ते मोडायला २०० अंशांच्या कितीतरी वरची उष्णता लागते. वरची बुरशी पुसली तरी विष आत राहतं. आजचं थोडंसं विष उद्या पोट दुखवणार नाही, म्हणून तुम्हांला ते दिसतही नाही. त्याची इजा वर्षानुवर्षं यकृतात साचत जाते आणि यकृताच्या कर्करोगाचं ते सिद्ध कारण आहे. बुरशी आलेला, सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा टाकून द्यायचा. गाईम्हशींनाही घालायचा नाही, कारण ते दुधातून परत तुमच्याच मुलांच्या पेल्यात येतं. अन्न वाया घालवू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण तो मे महिन्यात पाळायचा असतो, धान्य वाळवताना. सडल्यावर त्या संस्काराची आठवण काढून पोरांना बुरशी खायला घालू नका.

आता कीड. 'बाजारातून आणला तेव्हा गहू अगदी स्वच्छ होता, घरात आल्यावर कीड पडली.' असं काही नसतं. कीड शून्यातून जन्माला येत नाही. टोक्याची मादी आपल्या सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि ते भोक स्वतःच्या चिकानं बुजवून टाकते. अंडं, अळी, कोष हे सगळं त्या दाण्याच्या पोटात होतं. बाहेरून दाणा अखंड दिसतो. ३० अंशांच्या आसपास महिना-सव्वा महिन्यात नवा किडा दाणा पोखरून बाहेर येतो, आणि एकेक मादी आयुष्यात दोन-तीनशे अंडी घालू शकते. मुगा-हरभऱ्याचा भुंगेरा तर शेतातल्या शेंगांवरच अंडी घालून ठेवतो. कडधान्याच्या दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ना, ते अंडं. १५ अंशांच्या खाली या किडींची वाढ जवळजवळ थांबते, पण आपल्या घरांत तेवढी थंडी पडते कुठे? म्हणून तुम्ही दोन चुकार अंडी आत जाऊ दिलीत तर श्रावणापर्यंत त्यांच्या तीन पिढ्या होतात. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओल सुटते, धान्याच्या मधोमध गरम लागायला लागतं आणि तिथे बुरशी धरते. एक चूक दुसऱ्या चुकीला जन्म देते, ती अशी.

हे टाळायचं कसं, तेही तुम्हांला ऊनच सांगतं. चांगलं वाळलेलं धान्य काळ्या प्लास्टिकवर बोटभर थरात पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक घाला, कडांवर विटा ठेवून हवा कोंडा. मे महिन्याच्या भर दुपारी आत ६० अंशांच्या आसपास तापतं, आणि त्या तापात दोन-तीन तासांत किडे, अळ्या, अंडी सगळं मरतं. मग रात्रभर गार करा आणि भरा. ज्या उन्हाला तुम्ही शिव्या घालता, ते फुकटात हे काम करतं. ओलं धान्य मात्र असं झाकू नका, उकडून निघेल. आणि बियाण्यावर हा प्रयोग करू नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे अंगण नसेल तर मूग-मटकी-चवळीच्या किलो-दोन किलोच्या पिशव्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण साध्या तापमानावर येऊ द्या, मगच डब्यात भरा. थंड पिशवी लगेच उघडलीत तर हवेतलं पाणी दाण्यांवर बसेल आणि पुन्हा ओलीपाशी याल.

आणि जुनं-नवं एकत्र करायचं नाही! मागच्या वर्षीचा पायलीभर गहू पिंपाच्या तळाशी असतो, त्यावरच तुम्ही नवा ओतता. त्या तळातल्या पिठात, कोपऱ्यातल्या भुशात, बारदानाच्या शिवणीत मागच्या वर्षीची सगळी कीड वाट बघत बसलेली असते. कोठी रिकामी करा, झाडा, धुवा, दिवसभर उन्हात उलटी ठेवा. गोण्या उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा. हे काम सणाच्या सफाईइतकंच महत्त्वाचं आहे. सणाला घर चकचकीत करता आणि ज्यातून रोज ताटात अन्न येतं, त्या पिंपात वर्षानुवर्षं हातही घालत नाही, याला काय म्हणायचं?

आता साठवल्यानंतरची उष्णता. इथे ऊन खरोखर गुन्हेगार आहे, पण त्याला घरात घेणारे तुम्ही आहात. पिंप कुठे ठेवता? गच्चीच्या खोलीत, पत्र्याच्या माळ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून. डाळींचे डबे कुठे? गॅसच्या शेगडीच्या वरच्या फळीवर, जिथे रोज दोन वेळा वाफ आणि धग लागते. मसाल्यांच्या पारदर्शक बाटल्या खिडकीत, दिसायला सुंदर म्हणून. मग तिखटाचा रंग उडाला, हळद फिकी पडली, वास गेला म्हणून दुकानदाराला दोष देता.

तूरडाळ का शिजत नाही तेही ऐका. डाळीचा दाणा उष्ण आणि दमट जागेत महिनोन् महिने राहिला की त्याच्या पेशींच्या भिंती जोडणारं पेक्टिन दाण्यातल्याच कॅल्शियम-मॅग्नेशियमशी घट्ट बांधलं जातं. मग पाणी आत शिरत नाही, पेशी सुट्या होत नाहीत, आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा दाणाच राहतो. यात कीड नाही, बुरशी नाही; नुसती जागा चुकली. हीच डाळ घरातल्या सर्वांत गार, कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवली असती, तर वर्षानंतरही मऊ शिजली असती. सरकारी गोदामांतही पोती जमिनीवर ठेवत नाहीत, फळ्यांवर रचतात, भिंतीपासून अंतर सोडतात. तुम्हांला मात्र डबा भिंतीला चिकटवून ठेवण्याची हौस.

आणखी एक. वर्षाची साठवण करायची ती अखंड दाण्याची. दळलेल्याची, भरडलेल्याची नव्हे. दाणा फोडला की त्यातल्या तेलाला हवा लागते आणि उन्हाळ्यात ते झपाट्यानं खवट होतं. बाजरीत तेल जास्त, म्हणून तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं. तरी तुम्ही महिन्याचं दळून आणता आणि भाकरी कडू झाली की बाजरीला नावं ठेवता. हातसडीच्या तांदळात कोंड्याचं तेल असतं, तो पॉलिशच्या तांदळाइतका टिकत नाही. बेसन, रवा, कणीक, मिश्र पिठं ही लागतील तशी, पंधरवड्यापुरती आणा. 'एकदम घेतलं की स्वस्त पडतं' हे खरं आहे, पण टाकून दिलेल्या रव्याचा भाव कोणी धरत नाही.

भांड्याचं आणि हवेचं सांगते. किडीला जगायला प्राणवायू लागतो. घट्ट बंद भांड्यात धान्य आणि कीड यांच्या श्वासानंच आतला प्राणवायू संपत जातो, तो २-३ टक्क्यांवर आला की किडीचं खाणं थांबतं आणि पुढे ती मरते. आपल्याकडच्या पेवांना हेच तत्त्व लागू होतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल, आत वैरण-पाल्याचं अस्तर, तोंड मातीनं लिंपलेलं. हळद तिथे वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यांतली कितीतरी पेवं उद्ध्वस्त झाली. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. हवा खेळू द्यायची, मग उतरायचं. आत प्राणवायू नसतो आणि माणूसही गुदमरून मरतो, हे पेवं वापरणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेच तत्त्व आफ्रिकेत चवळीसाठी वापरलं गेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी यांनी कॅमेरूनमध्ये तीन थरांची पिशवी विकसित केली. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. औषध काही नाही. धान्य भरायचं, हवा दाबून काढायची, एकेक तोंड पिळून बांधायचं. उष्ण मुलखातल्या गरीब शेतकऱ्यांची चवळी त्यामुळे विषाशिवाय टिकू लागली. अशा हवाबंद पिशव्या आता आपल्याकडेही मिळतात. पातळ कॅरीबॅगमध्ये गाठ मारून मात्र काही होत नाही. तिच्यातून दमट हवा हळूहळू आत जातेच, आणि काही किडी ते प्लास्टिक कुरतडून आरपार जातात.

पण हवाबंद भांडं तुम्ही रोज उघडत असाल, तर ते हवाबंद राहिलं कुठे? वाडगाभर गव्हासाठी दोनशे किलोचं पिंप रोज उघडता, पावसाळ्यात ओल्या हातानं उघडता, आणि अर्धा तास उघडं टाकता. मोठं पिंप बंदच राहिलं पाहिजे. पंधरा दिवसांचं धान्य एकदम लहान डब्यात काढा, तेही पावसाची उघडीप बघून. आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनो, तुमच्याकडे जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. ७० टक्के आर्द्रतेतच उघड्या गव्हाची ओल १३-१४ टक्क्यांवर पोचते. हवाबंद साधन नसेल तर वर्षाचा गहू भरण्याचा हट्ट सोडा, दोन महिन्यांचा घ्या. आईनं नागपूरला भरला म्हणून तुम्ही डोंबिवलीत भरायचा, याला परंपरा म्हणत नाहीत.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. इथे मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

मे महिन्यात दोन दिवस धान्य वाळवायचं टाळलंत. श्रावणात कीड दिसली. मग काय केलंत? कृषी दुकानातून गुपचूप अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणल्यात, फडक्यात गुंडाळून पिंपात टाकल्यात, आणि त्याच खोलीत मुलांच्या गाद्या घातल्यात. ती गोळी हवेतल्या ओलीनं फुटते आणि फॉस्फीन वायू सोडते. तो हवेपेक्षा थोडा जड असतो, फटींतून शेजारच्या खोलीत जातो, झोपलेल्याला जाग येत नाही. त्यावर उतारा नाही. डॉक्टरांकडे असं एकही औषध नाही, जे हे विष परतवेल. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, आणि ही गोळी वापरण्याची मुभा सरकारी यंत्रणांना आणि प्रशिक्षित, परवानाधारक माणसांनाच आहे. घरात तिला जागा नाही. एकही गोळी नाही, अर्धीही नाही. ज्यांच्या घरात आज ती आहे, त्यांनी तिला हात लावू नये. मुलंबाळं घेऊन बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडी टाका आणि कृषी अधिकाऱ्यांना कळवा. खोलीत लसणासारखा किंवा सडक्या माशांसारखा वास आला, कोणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत आवळल्यासारखं झालं, तर क्षणभरही थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा आणि गोळीचं नाव सांगा. लाजून लपवू नका.

बाकीची विषंही याच हातानं घालता. गव्हाला बोरिक पावडर चोळता आणि तो न धुता गिरणीत देता. ते बोरिक पोळीतून लेकरांच्या पोटात जातं. अन्नात घालायची परवानगी असलेल्या पदार्थांत बोरिक नाही. पाऱ्याच्या टिकड्या धान्यात पुरता. पारा मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडांना इजा करतो, आणि ती टिकडी फुटून धान्यात मिसळली तर तुम्ही काय निवडणार आहात? काडेपेट्या टाकता. त्यांतल्या रसायनांचा आणि किडीचा काय संबंध, हे एकदा तरी स्वतःला विचारलंत का? शेजारणीनं सांगितलं, म्हणून केलंत. शिकलेल्या माणसांनी असं वागायचं नसतं.

कडुनिंबाच्या पाल्याबद्दल मात्र गैरसमज नको. तो सावलीत कुरकुरीत वाळवून थराथरात घातला तर किडीला काहीसा दूर ठेवतो. पण तुम्ही झाडावरून ओरबाडलेला हिरवागार पाला टाकता, म्हणजे वाळलेल्या धान्यात स्वतःच्या हातानं ओल पेरता. खडेमीठ घालता, ते पावसाळ्यात पाझरतं. तूरडाळीला, मुगाला एरंडेल चोळण्याची रीत चांगली आहे; तेलाच्या पातळ थरानं भुंगेऱ्याची अंडी गुदमरतात आणि दाण्याला नीट चिकटत नाहीत. बियाण्याला चाळलेली कोरडी राख चालते. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते. या रीती चालतील, पण वाळलेल्या धान्यावर. ओल्या धान्यावर यांतली एकही चालत नाही.

आणि पुरुषांनो, तुम्ही मान खाली घालून बसू नका, हे तुम्हांलाही आहे. क्विंटलभर गव्हाचं पोतं उतरवून दिलं की आपलं काम झालं, असं तुम्ही समजता. निवडणं, पाखडणं, वाळवणं, ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर हात फिरवणं हे सगळं आईनं नाहीतर बायकोनं करायचं. ती एकटी पडते, थकते, दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात उरकते, आणि श्रावणात कीड निघाली की 'लक्ष कुठे असतं तुझं?' हे विचारायला तुम्ही पुढे. पोळी तुम्ही खाता ना? मग ताडपत्री तुम्ही अंथरा, पिंप तुम्ही धुवा, रात्री धान्य आत तुम्ही आणा. मुलांनाही बरोबर घ्या. मीठ-बाटलीची परीक्षा दहा वर्षांचं मूल करू शकतं, आणि ते ती आनंदानं करेल.

मी एवढं कठोर का बोलते, ते सांगते. दाणा पिकवायला कोणीतरी चार महिने शेतात राबलेलं असतं. तो तुमच्या घरी येईपर्यंत पावसातून, गारपिटीतून, बाजारातून वाचलेला असतो. शेवटचा टप्पा फक्त तुमच्या हातात असतो, आणि तिथेच तुम्ही हात झटकता. मग तो दाणा एकतर उकिरड्यावर जातो, नाहीतर विष लावून ताटात येतो. दोन्ही मला सहन होत नाही. तुमच्यात अक्कल कमी आहे असं मी म्हणत नाही. ती असती कमी, तर मी एवढं बोललेच नसते. तुम्हांला कळतं, आणि तरी तुम्ही करत नाही. त्याचीच ही कानउघाडणी.

आता काम सांगते. आज घरातलं प्रत्येक पिंप आणि डबा उघडा. वास घ्या, हात कोपरापर्यंत घाला, मधोमध गरम लागतं का बघा. बुरशी असेल तर ते धान्य पुरून टाका. कीड असेल तर उघडीप मिळताच चाळा, पाखडा, ऊन द्या, गार करा, मग भरा. शेगडीवरच्या फळीवरचे डबे उतरवा, माळ्यावरचं पिंप खाली आणा. बोरिक, पाऱ्याच्या टिकड्या घरातून घालवा, पण पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीनं. आणि येत्या उन्हाळ्यासाठी दोन दिवस आत्ताच ठरवा, घरातल्या सगळ्यांनी मिळून. ते दोन दिवस लग्नाला, सहलीला, पाहुण्यांना द्यायचे नाहीत. पुढच्या श्रावणात मला फोन करणार असाल, तर आधी मीठ-बाटलीत काय दिसलं ते सांगायचं. ते सांगता येत नसेल, तर माझ्याकडे तक्रार आणायची नाही.